राजमुद्रा, ‘आई’ आणि भरतीचं मेडिकल

प्रश्न : माझं वय २०, गाव खटाव तालुक्यात. सध्या साताऱ्यात अकॅडमीत राहून भरतीची तयारी करतोय. आर्मी आणि एसएससी जीडी, दोन्हीचे फॉर्म भरणार आहे. मला उजव्या हातावर बाहेरच्या बाजूने राजमुद्रा आणि मानेवर ‘आई’ असा टॅटू काढायचा आहे. पहिलाच आहे. एका स्टुडिओत ५०० रुपये ॲडव्हान्स दिलाय. मित्र म्हणतात, जत्रेत निम्म्या पैशात होईल. वडील म्हणतात, भरती होईपर्यंत नाव काढू नको. आजीच्या कपाळावर आणि हातावर गोंदण आहे. ती म्हणते, काढ रे, वर जाताना तेवढंच बरोबर येतं. काढू की नको?

उत्तर : आत्ता काढू नकोस. टॅटू वाईट असतो म्हणून नव्हे, तर तू निवडलेल्या दोन्ही जागा तुला मेडिकलमध्ये बाहेर काढू शकतात म्हणून. वर्षभर पहाटे उठून १६०० मीटरची वेळ कमी करायची, बीमवर हाताला घट्टे पाडून घ्यायचे आणि शेवटी मानेवरच्या दोन अक्षरांपायी घरी यायचं, असं होऊ नये.

नियम नीट समजून घे. अकॅडमीत यावर ऐकीव माहिती फार फिरते. आर्मीला कायमचा टॅटू दोनच ठिकाणी चालतो. एक, हाताची आतली बाजू, म्हणजे कोपराच्या आतल्या घडीपासून मनगटापर्यंत. दोन, पंजाची मागची बाजू. मान, दंड, छाती, पाठ, पोटरी, हाताची बाहेरची बाजू यांतलं काहीच चालत नाही. रूढीप्रमाणे गोंदून घेणाऱ्या आदिवासी उमेदवारांना सवलत आहे, पण ती तुला लागू नाही. बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ ही दलं, म्हणजे तुझी एसएससी जीडी, त्याहून कडक आहेत. तिथे हाताच्या आतल्या बाजूचा टॅटू चालतो, पण फक्त डाव्या हाताचा, कारण उजवा हात सॅल्यूटचा. शिवाय मजकूर धार्मिक चिन्ह किंवा नाव असा हवा आणि आकार त्या भागाच्या पाव हिश्शापेक्षा कमी हवा. म्हणजे उजव्या हाताची राजमुद्रा दोन्हीकडे बाद आणि मानेवरची ‘आई’सुद्धा दोन्हीकडे बाद. फॉर्म भरशील त्या वर्षीची मूळ जाहिरात उघडून टॅटूचा परिच्छेद स्वतः वाच. व्हॉट्सॲपवर आलेल्या कात्रणावर जाऊ नकोस.

‘नंतर लेझरने काढू’ हा विचार मनात असेल तर तोही सोड. काळी शाई लेझरने बरीच निघते, पण एका बैठकीत नाही. साधारण सहा ते दहा बैठका लागतात आणि दोन बैठकांत सहा ते आठ आठवडे सोडावे लागतात. वर्ष सहज जातं, आणि वयोमर्यादा कुणासाठी थांबत नाही. आपल्या सावळ्या कातडीवर लेझरनंतर पांढुरका किंवा काळपट डाग राहण्याची शक्यता जास्त असते. टॅटू गेला तरी तिथे काहीतरी होतं हे कळतंच. आणि टॅटू पुसून टाकण्याचा खर्च तो गोंदवून घेण्याच्या कितीतरी पट असतो.

वडिलांचं म्हणणं इथे बरोबर आहे. पण त्यांनी ‘नाही’ एवढंच सांगितल्याने तू गप्प बसणार नाहीस. म्हणून भरतीनंतर काढायचाच झाला तर काय, कुठे आणि कसा काढायचा, हेही सांगायला हवं.

आधी राजमुद्रा. सातारा जिल्ह्यातल्या पोराला ती अंगावर हवीशी वाटते यात नवल नाही. पण नेमका हाच मजकूर लहान टॅटूत टिकत नाही. ‘प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता। शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते॥’ यात ३२ अक्षरं आहेत आणि त्यांतली दहा जोडाक्षरं. ‘च्चं’, ‘र्धि’, ‘ष्णु’, ‘र्वि’, ‘श्व’, ‘स्यै’ : वर रफार, वेलांटी, मात्रा, खाली उकार. आता हिशोब कर. दोन इंचांचा अष्टकोन म्हणजे साधारण ५१ मिलिमीटर. दोन्हीकडची किनार वजा केली की ४३ उरतात. मजकूर सहा-सात ओळींत बसवला तर एका ओळीला सहा-सात मिलिमीटर येतात आणि त्यातच वरच्या मात्रा, खालचे उकार. मूळ अक्षराला राहिले जेमतेम तीन-साडेतीन. ‘ष’च्या किंवा ‘द्र’च्या पोटातली पोकळी मिलिमीटरभरही राहत नाही. टॅटू ताजा असताना फोटोत ती सुरेख दिसते. पण कातडीतली शाई एका जागी गोठून राहत नाही. वर्षं जातील तशी प्रत्येक रेघ थोडी रुंद होते आणि दोन रेघांमधली फट बुजते. आठ-दहा वर्षांनी तिथे काळपट अष्टकोन उरतो, ज्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. इतक्या आदराने घेतलेल्या मजकुराचं असं व्हावं, हे तुलाच सहन होणार नाही.

अक्षर टिकवायचं तर मात्रा सोडून त्याची उंची आठ ते दहा मिलिमीटर हवी आणि आतली पोकळी निदान दोन. त्या मापाने राजमुद्रा चार इंचांच्या पुढे जाते. ती हाताच्या आतल्या बाजूला बसत नाही आणि पाव हिश्शाच्या नियमात तर मुळीच बसत नाही. शिवाय राजमुद्रा धार्मिक चिन्हात मोडते की नावात, यावर मेडिकल बोर्डासमोर वाद घालण्याची वेळ तू स्वतःवर आणूच नयेस. राजमुद्रा सोड.

‘आई’ मात्र टॅटूसाठी उत्तम मजकूर आहे. दोनच अक्षरं, जोडाक्षर नाही, पोकळ्या मोठ्या. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या घडीपासून दोन-अडीच इंच वर, १५ मिलिमीटर उंचीची आणि काळ्या शाईची ‘आई’ वीस वर्षांनीही वाचता येईल. घडीवरच काढू नकोस. तिथली कातडी पातळ आणि सतत दुमडणारी असते. सुई जराशी खोल गेली की शाई खालच्या चरबीत उतरते आणि रेघेभोवती निळसर सावली पसरते. ती पुन्हा भरून दुरुस्त होत नाही. शाई कातडीच्या दुसऱ्या थरात, एक ते दोन मिलिमीटर खोलीवर बसायला हवी. त्याहून वर राहिली तर खपलीबरोबर गळून जाते.

अक्षरांबाबत आणखी एक. इंटरनेटवरून उचललेला किंवा स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर टाइप केलेला मराठी मजकूर डोळे झाकून घेऊ नकोस. फोटो-डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सेटिंग चालू नसेल तर ‘श्री’चा ‘श’, पायमोड, ‘र’ असा तुकडा पडतो आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाते. मराठी न येणाऱ्या कारागिराला ते कळतही नाही. ‘आई’त जोडाक्षर नाही, तरी ‘ई’वरचा रफारासारखा फटकारा सुटून ‘इ’ राहू शकते. तुझ्या आईच्या हातचं ‘आई’ हे अक्षर कागदावर घेऊन स्कॅन केलंस तर फाँटची भानगडच उरत नाही. स्टेन्सिल, म्हणजे गोंदण्याआधी लावायचा मजकुराचा छाप, कातडीवर उमटली की एकदा स्वतः वाच, एकदा बरोबरच्या माणसाला मोठ्याने वाचायला सांग आणि मगच मशिन सुरू करू दे. हात सरळ सोडून उभा राहा, मग कोपरात वाकव. आडवं ठेवून सरळ दिसणारं अक्षर उभं राहिल्यावर तिरकं झालेलं असतं. स्टेन्सिल पुसून पुन्हा लावायला पाच मिनिटं लागतात. चांगला कारागीर कुरकुर करत नाही.

काळीच शाई का? आपल्या रंगाच्या कातडीवर पिवळा, पांढरा, फिकट गुलाबी असे रंग आधीच मळकट दिसतात आणि लवकर विटतात. लाल शाईची ॲलर्जी सगळ्यांत जास्त दिसते आणि ती महिन्या-वर्षानेही उठू शकते.

जत्रेचं बोलू. मित्रांनी सांगितलेल्या निम्म्या पैशांत काय कमी होतं ते बघ. पालात बसलेल्या माणसाकडे बॅटरीवरचं मशिन, शाईची एक उघडी बाटली आणि एक फडकं असतं. दिवसभरात जितके हात पुढे येतात, त्या सगळ्यांचं रक्त त्या सुईला, त्या बाटलीला आणि त्या फडक्याला लागतं. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस जिवंत राहू शकतो. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही याच वाटेने येतात. सुई ज्योतीवर धरली, डेटॉलमध्ये बुडवली, गरम पाण्यात घातली, यातल्या कशानेही ती निर्जंतुक होत नाही. पुसेगावची जत्रा असो, पालीची असो की मांढरदेवची, देवदर्शन कर, कुस्त्या बघ, बैलबाजार बघ, पण हात पुढे करू नकोस. तिथेच ‘ट्रायल’ म्हणून काळी मेंदीही लावतात. तीही नको. खरी मेंदी काळी नसतेच. तिच्यात केस काळे करायचं रसायन मिसळलेलं असतं. त्याने फोड येतात, डाग राहतात आणि पुढे आयुष्यभर हेअर डायचीही ॲलर्जी होऊ शकते.

आजीला हे सांगताना तिच्या गोंदणाला नावं ठेवू नकोस. गोंदणारीण दारात यायची, काजळीत सुई बुडवून कपाळावर, हनुवटीवर, हातावर टिपके, तुळस, नाव काढायची. त्यात श्रद्धा होती, बायकांचं एकत्र बसणं होतं आणि अंगावरून कुणी काढून घेऊ शकणार नाही असा तो एकच दागिना होता. आजीच्या हातावरची नक्षी नीट बघ, जमलं तर कागदावर उतरवून ठेव. पुढे हवा असेल तर चार-पाच टिपक्यांचा तोच नमुना ‘आई’पेक्षाही शोभेल. भरतीच्या आधी मात्र हे लक्षात ठेव, की तिला मेडिकल बोर्डासमोर उभं राहायचं नव्हतं.

स्टुडिओत जाशील तेव्हा भिंतीवरचे चकाचक फोटो बघून भुलू नकोस. ताज्या टॅटूचा फोटो सगळ्यांचाच चांगला येतो. वर्ष-दोन वर्षांपूर्वी काढलेल्या आणि पूर्ण बऱ्या झालेल्या टॅटूंचे फोटो माग, त्यातही मराठी अक्षरांचे. रेघ एकसारखी आहे का, कडेला निळी सावली आहे का, ‘ग’, ‘भ’, ‘क्ष’ यांच्या पोकळ्या मोकळ्या आहेत का, ते बघ. मग हात धुवायचं बेसिन शोध. काम चालतं तिथे किंवा शेजारी बेसिन नसेल तर परत फिर.

सुई सीलबंद पाकिटातून तुझ्यासमोर फोडली पाहिजे आणि पाकिटावरची मुदत तुला वाचता आली पाहिजे. हल्ली बहुतेक ठिकाणी एकदाच वापरायचं कार्ट्रिज असतं, ते बरं. त्याला आतून पडदा हवा, नाहीतर रक्तमिश्रित शाई मशिनमध्ये उलटी शिरते आणि पुढच्या माणसाच्या वाट्याला येते. शाई नव्या छोट्या टोपणात ओतायची, उरलेली फेकायची, बाटलीत परत नाही. शेडिंगसाठी शाई पातळ करायची असेल तर नळाचं किंवा बाटलीचं पिण्याचं पाणी घातलेलं चालत नाही. त्यात असणाऱ्या काही जंतूंमुळे दोन-तीन आठवड्यांनी टॅटूवरच बारीक लाल गाठी येतात आणि साध्या अँटिबायोटिकने त्या जात नाहीत. निर्जंतुक पाणी किंवा कंपनीचं तयार द्रावण वापरता का, असं सरळ विचार. मशिनला स्टीलची मूठ वापरत असतील तर ती ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे १२१ अंश सेल्सियस आणि १५ पौंड दाबावर १५ ते २० मिनिटं, काढलेली हवी. सलूनमध्ये असते तशी निळ्या दिव्याची पेटी म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. ग्लोव्ह्ज घातलेल्या हाताने कारागिराने मोबाइल उचलला तर ग्लोव्ह्ज बदलायला सांग. लाज वाटू देऊ नकोस, कातडी तुझी आहे.

तुझी स्वतःची तपासणी घरीच सुरू होते. डाव्या दंडावरचा बीसीजीचा वण बघ. तो सपाट किंवा किंचित खोलगट असेल तर ठीक. फुगीर, चकचकीत, खाजरा असेल तर तुझी कातडी वण वाढवणारी असू शकते. मग टॅटूची प्रत्येक रेघ दोरीसारखी उठेल. घरात कुणाला कोड किंवा सोरायसिस असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञाला विचार, कारण हे आजार सुई टोचलेल्या जागी नव्याने उमटू शकतात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर त्या थांबवून सहा महिने जाऊ देणं बरं. हिपॅटायटिस बीची लस लहानपणी झाली होती का, ते लसीकरण कार्डावर बघ. नसेल तर तीन डोस असतात : आज, महिन्याने आणि सहाव्या महिन्यात. भरतीची वाट बघताना तेवढा वेळ तुझ्याकडे आहेच, आणि पुढच्या आयुष्यातही ती उपयोगी पडेल. आणखी एक, टॅटूनंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही. जयंतीला, पुण्यतिथीला तुम्ही मित्र रांगेने रक्त देत असाल तर हे आधी माहीत असू दे.

आता तारीख. टॅटूची वरची कातडी दोन ते चार आठवड्यांत भरते, आतून पूर्ण बसायला त्याहून जास्त वेळ लागतो. पहिले दोन आठवडे पुलअप्स, दोर, मातीतली कुस्ती, सगळं बंद ठेवावं लागेल. घाम आणि घासणं हे ताज्या टॅटूचे शत्रू. म्हणून रॅली किंवा मेडिकलच्या आधीचे तीन महिने तर विचारही नको. घरी ऊस असेल तर तोडणीच्या हंगामात काढू नकोस. पाचटाची धार ओल्या जखमेवर खपली उचलते आणि वर धूळ बसते. पावसाळ्यात चिखल आणि ओले कपडे. तुमच्याकडे तोडणी संपल्यानंतर, सुट्टीवर आलेल्या जवानाला तीन आठवडे मोकळे मिळतील, असा काळ योग्य.

आदल्या रात्री दारू नको, झोप पुरी हवी, सकाळी पोटभर जेवून जा. उपाशीपोटी गेलेल्यांना सुईपेक्षा चक्करच जास्त त्रास देते. काम झाल्यावर पातळ फिल्म लावली असेल तर सांगतील तेवढा वेळ ठेव. साधी पट्टी असेल तर दोन-चार तासांनी काढ. स्वच्छ हातांनी, सौम्य साबणाने, कोमट पाण्याने धू, टिश्यूने टिपून घे, टॉवेलने पुसू नकोस. बिनवासाचं मॉइश्चरायझर दिवसातून दोन-तीन वेळा, इतकं पातळ की चमक दिसेल पण थर दिसणार नाही. जाड थराने खपली भिजून सुटते आणि तिच्याबरोबर शाईही. हळद लावू नकोस. सांगली-साताऱ्यात कुठलीही जखम झाली की हात आपसूक हळदीच्या डब्याकडे जातो, पण स्वयंपाकघरातली भुकटी निर्जंतुक नसते, जखमेत अडकते आणि जंतूंना जागा देते. चौथ्या-पाचव्या दिवशी कातडी ओढल्यासारखी होईल, मग पापुद्रे सुटतील आणि प्रचंड खाज येईल. खाजवू नकोस, तळहाताने हलके थोपट. तीन आठवडे विहीर, कॅनॉल, येरळा, कृष्णेचा घाट, कुठेही पोहायचं नाही. अंघोळ चालते, भिजत पडणं नाही.

पहिले दोन-तीन दिवस थोडी लाली आणि सूज असणारच. तिसऱ्या दिवसानंतर ती कमी व्हायच्या ऐवजी वाढत चालली, जागा गरम लागली, पू आला, ताप आला किंवा हातावरून वर लाल रेघ सरकताना दिसली, तर टॅटूवाल्याला फोटो पाठवत बसू नकोस. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात किंवा मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवता येईल.

राहिले ५०० रुपये. स्टुडिओला फोन कर, भरतीचं कारण सांग आणि तारीख पुढे ढकलून माग. मजकूर बदलणार आहे, जागा डाव्या हाताची आतली बाजू असेल, हेही आत्ताच सांगून ठेव. चांगला स्टुडिओ ॲडव्हान्स पुढच्या तारखेला धरून घेतो. ‘मानेवरच काढ, मेडिकलला काही होत नाही’ असं कुणी तिथून म्हणालं, तर ते ५०० रुपये सोडून दे आणि दुसरा स्टुडिओ बघ.